विदाउट यू : दुसऱ्याच्या गळ्यात मोठे झालेले गाणे

रॉक संगीताच्या श्रोत्यांमध्ये एक मत फार घट्ट रुजले आहे. ज्याने गाणे लिहिले त्यानेच ते गावे; त्याने गायले ते खरे, बाकीच्यांनी गायली ती नक्कल. हे मत तसे जुने नाही. फ्रँक सिनात्रा जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी गायला आणि त्यासाठी त्याला कोणी उणे लेखले नाही. १९६०च्या दशकात बीटल्स आणि बॉब डिलन स्वतः लिहून स्वतः गाऊ लागले. तेव्हापासून गायकाचा प्रामाणिकपणा एकाच गोष्टीवर मोजला जाऊ लागला: गाणे त्याचे स्वतःचे आहे की नाही. दुसऱ्याचे गाणे घेऊन ते नव्याने गाणे, म्हणजे कव्हर करणे, हे दुय्यम काम ठरले. मला हे मत मुळीच पटत नाही. ते का पटत नाही हे सांगायला ‘विदाउट यू’ या प्रेमगीताइतका बोलका दाखला मला दुसरा सापडत नाही. हे गाणे मोठे झाले ते दोन परक्या गळ्यांमुळे. आणि ज्या दोघांनी ते लिहिले त्यांच्या वाट्याला जे आले, ते या परक्या गळ्यांमुळे आलेले नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कव्हरबद्दल न्यायाने बोलता येणार नाही.

गाणे लिहिले पीट हॅम आणि टॉम इव्हान्स यांनी. हॅम वेल्समधल्या स्वान्सीचा, इव्हान्स लिव्हरपूलचा. दोघेही १९४७ सालचे. त्यांच्या बँडचे नाव बॅडफिंगर. बीटल्सनी स्वतःची अॅपल ही कंपनी काढली तेव्हा सुरुवातीलाच तिने ज्यांना करारबद्ध केले, त्यांत हा बँड होता. तेव्हा त्याचे नाव आयव्हीज होते, स्वान्सीतल्या आयव्ही प्लेस या रस्त्यावरून घेतलेले. नोव्हेंबर १९७०मध्ये ‘नो डाइस’ हा त्यांचा अल्बम आला आणि ‘विदाउट यू’ त्यात होते. सिंगल म्हणून ते काढावे असे कोणाला वाटले नाही. अल्बममधले आणखी एक गाणे, एवढीच त्याची पत्रास.

गाण्याची घडण मात्र पाहण्यासारखी आहे, कारण ते मुळात दोन वेगळ्या गाण्यांतून जोडलेले आहे. कडव्यांचा भाग हॅमचा. त्याच्याजवळ एक गाणे होते, त्याची कडवी चांगली जमली होती, पण ध्रुवपदात जोर नव्हता. इव्हान्सचे नेमके उलट. त्याच्याकडे ध्रुवपद होते, पण त्याला शोभतील अशी कडवी नव्हती. दोघांनी आपापला अर्धा भाग समोर ठेवला आणि सांधा बसला. हॅमची कडवी एका संध्याकाळच्या निरोपाबद्दल आहेत. त्यांतला माणूस शांत आहे, समजूतदार आहे, समोरच्या व्यक्तीचा चेहरा निरखून पाहतो आहे. इव्हान्सच्या ध्रुवपदातला माणूस समजूतदार नाही. तो जाणाऱ्याला सरळ सांगतो की तुझ्यावाचून जगणे मला जमणार नाही. विरहात माणूस एकाच वेळी या दोन्ही अवस्थांत असतो. आधी शहाण्यासारखा बोलतो आणि पुढच्याच क्षणी त्याचा बांध फुटतो. एकाच लेखणीतून आलेल्या गाण्यात हे असे उतरले असते की नाही, मला शंका आहे. दोन माणसांची दोन दुःखे एका चालीत आली म्हणून ते साधले.

बॅडफिंगरचे मूळ ध्वनिमुद्रण पावणेपाच मिनिटांच्या आसपास आहे. त्यात गिटार आहे, ऑर्गन आहे, बँडचा सरळ ठेका आहे. कडवी हॅम हळुवार गातो. ध्रुवपद आले की दुसरा आवाज सामील होतो. दोघे मिळून गातात, छान गातात, आणि तिथेच अडचण होते. एकटेपणाचे सर्वांत टोकाचे वाक्य दोन गळ्यांतून एकदम आले की ऐकणाऱ्याला नकळत दिलासा मिळतो. शिवाय ध्रुवपद कडव्यापेक्षा फारसे उंच जात नाही. बांध फुटायला हवा तिथे पाणी काठोकाठ येऊन थांबते. मला हे मूळ गाणे फार आवडते. त्यात घरगुती खरेपणा आहे आणि हॅमचा आवाज विलक्षण सच्चा आहे. पण गाण्यात जे दडले होते ते सगळे या ध्वनिमुद्रणात बाहेर आले, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

ते बाहेर काढले हॅरी निल्सनने. निल्सन अमेरिकन, ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. संगीतात येण्याआधी तो बँकेत संगणकावर काम करायचा. गळा असा, की साडेतीन सप्तके फिरायचा. आणि एवढा गळा असून हा माणूस जाहीर मैफली जवळजवळ करतच नसे. तो स्वतः उत्तम गीतकार होता. त्याने लिहिलेले ‘वन’ हे गाणे थ्री डॉग नाइट या बँडने गाजवले. पण गायक म्हणून त्याला पहिले मोठे यश मिळाले ते फ्रेड नीलच्या ‘एव्हरीबडीज टॉकिन’ या गाण्याने. ‘मिडनाइट काउबॉय’ या चित्रपटात ते वापरले गेले आणि त्यासाठी त्याला ग्रॅमी मिळाले. दुसरे ग्रॅमी मिळाले ‘विदाउट यू’साठी. म्हणजे स्वतः गाणी लिहिणाऱ्या या माणसाची दोन्ही ग्रॅमी दुसऱ्याने लिहिलेल्या गाण्यांची, आणि त्याचे स्वतःचे गाणे गाजले ते दुसऱ्याच्या तोंडून. स्वतःचे असेल तरच खरे, हे मत निल्सनच्या बाबतीत लावायचे ठरवले तर त्याच्या कारकिर्दीचा अर्थच लागणार नाही. गाणे देणे आणि गाणे घेणे हे दोन्ही त्याच्या लेखी संगीताचेच व्यवहार होते.

निल्सनने ‘विदाउट यू’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याला ते बीटल्सचे वाटले. घरी येऊन बीटल्सच्या तबकड्या शोधल्या, त्यात ते निघाले नाही. पुढे बॅडफिंगरचा पत्ता लागला. १९७१मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत त्याने ते ध्वनिमुद्रित केले. निर्माता होता रिचर्ड पेरी. निल्सनचा कल साधेपणाकडे होता, पियानो आणि आवाज एवढ्यावर भागावे असा. पेरीला मोठा वाद्यमेळ हवा होता. अखेर पेरीचे चालले. पियानोवर गॅरी राइट, बासवर क्लाउस फोरमन, ड्रमवर जिम केल्टनर, आणि तंतुवाद्यांची रचना पॉल बकमास्टरची.

आता हे ध्वनिमुद्रण सावकाश ऐकावे. सुरुवातीला पियानो आणि निल्सनचा खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. ड्रम लगेच येत नाहीत. पहिल्यांदा ध्रुवपद येते तेव्हाही तो ते वरच्या सप्तकात नेत नाही. चाल तीच, शब्द तेच, पण माणूस अजून स्वतःला सावरून आहे. पुन्हा कडवे येते. आपल्याला वाटते गाणे आता याच पातळीवर राहणार. आणि दुसऱ्यांदा ध्रुवपद येते तेव्हा तो तीच चाल एक पूर्ण सप्तक वर उचलतो. मागून तंतुवाद्ये चढतात, ड्रमचे प्रहार जड होतात, आणि एकटा माणूस वरच्या स्वरावर उभा राहून तेच वाक्य पुन्हा म्हणतो. सोबतीला दुसरा गळा नाही. सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे संपतेदेखील. मूळ गाण्यापेक्षा सुमारे दीड मिनिटाने लहान, आणि तरी दुप्पट मोठे वाटणारे.

इथे निल्सनने नवे काय केले? शब्द बदलले नाहीत. चाल बदलली नाही. हॅम आणि इव्हान्स यांच्या दोन अर्ध्या गाण्यांमध्ये जे अंतर होते, ते त्याने ओळखले आणि ते ऐकू येईल असे मांडले. शहाणा माणूस आणि कोसळलेला माणूस यांच्यात एका सप्तकाचे अंतर आहे, हे त्याने दाखवून दिले. ही सूचना मूळ रचनेतच होती. पण ज्यांनी ती लिहिली त्यांना ती दिसली नव्हती, किंवा दिसली असली तरी त्यांच्या बँडच्या शैलीत बसणारी नव्हती. चांगले कव्हर म्हणजे हेच, असे मला वाटते. गायक रचनेशी इतका प्रामाणिक राहतो की रचनाकाराने मोकळा सोडलेला भागही तो भरून काढतो.

मराठी कानाला हे समजायला खरे तर अवघड जाऊ नये. ख्यालाची बंदिश कोणी बांधली आणि आज कोण गातो आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. बालगंधर्वांची पदे त्यांनी बालगंधर्वांच्या गळ्याची नक्कल न करता, आपल्याला कळली तशी मांडली. कोणाला ते रुचले, कोणाला नसेल रुचले. पण दुसऱ्याचे गाणे गाणारा माणूस कमअस्सल, असे म्हणण्याची सोय आपल्या परंपरेत नाही. रॉकमध्ये ती सोय आली, कारण तिथे ध्वनिमुद्रण हीच मूळ कृती मानली गेली. तबकडीत जे बंद झाले ते अंतिम. माझ्या मते ध्वनिमुद्रण ही गाण्याची एका दिवसाची अवस्था असते, त्याहून अधिक काही नाही.

निल्सनचे ‘विदाउट यू’ फेब्रुवारी १९७२मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथे राहिले. ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे पहिले होते. त्यानंतर कव्हरची रीघच लागली. अमेरिकेतला हार्ट हा बँड, कंट्री गायक टी. जी. शेपर्ड, ऑस्ट्रेलियातले एअर सप्लाय, पुढे स्पॅनिशमधून इल दिवो. यांतल्या बहुतेकांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ती नीट गायलेली आहेत, एवढेच. मराया कॅरीचे मात्र वेगळे आहे.

कॅरीने ते १९९३च्या ‘म्युझिक बॉक्स’ या अल्बमसाठी गायले. सिंगल आले जानेवारी १९९४मध्ये. त्याच महिन्याच्या १५ तारखेला निल्सन गेला होता. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेले हे तिचे पहिले गाणे. अमेरिकेत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. आज जगात ‘विदाउट यू’ म्हटले की बहुतेकांच्या कानात तिचाच आवाज येतो. ती अतिरेकी गाते, स्वरांची आतषबाजी करते, असा आरोप तिच्यावर नेहमी होतो. या गाण्यापुरता तो अन्यायाचा आहे. पहिली कडवी तिने विलक्षण संयमाने गायली आहेत, श्वास ऐकू येईल इतक्या जवळून. हरकती आहेत, पण त्या शब्दाला धरून आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. शेवटाकडे तिच्यामागे आवाजांचा जाड थर उभा राहतो, चर्चमधल्या गायकवृंदासारखा. बॅडफिंगरकडे दोन गळ्यांमुळे जे झाले तेच इथे अनेक गळ्यांमुळे होते. एकटेपणाला सोबत मिळते. निल्सनने जी जागा रिकामी ठेवली होती, ती इथे भरून गेली आहे. तरीही तिने गाणे एका पुरुषाच्या विलापातून काढून एका बाईच्या निर्धाराकडे नेले, हे मान्य करायला हवे. ती विनवते तेव्हाही तिची पाठ ताठ आहे. हा अर्थ निल्सनमध्ये नव्हता.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्वनिमुद्रणातून दिसते. तिने कव्हर केले ते निल्सनचे, बॅडफिंगरचे नव्हे. पियानोची सुरुवात, ध्रुवपद आधी आवरून आणि मग उंच, हा सगळा आराखडा निल्सन आणि पेरी यांचा. कव्हरचेही कव्हर होते आणि मूळ हळूहळू दृष्टीआड जाते. ‘हॅलेलुया’चेही असेच झाले: लेनर्ड कोहेनने लिहिले, जॉन केलने वेगळे मांडले, आणि जेफ बकलीने केलच्या मांडणीवरून ते उचलले. यात चुकीचे काही नाही. पण त्यानंतरची पायरी मला टोचते. कॅरीनंतर जगभरच्या गायन स्पर्धांमध्ये ‘विदाउट यू’ गाणाऱ्या असंख्य मुली तिचीच प्रत्येक हरकत, तिचाच प्रत्येक श्वास उतरवतात. गाण्यात आपल्याला काय हवे होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नसतो. परीक्षकांना काय हवे आहे, तेवढे पाहिलेले असते. ज्या गायकाला गाण्याकडून स्वतःचे काही मागायचे नाही त्याने ते गाऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

कव्हरच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवून माझी बाजू मांडणे बरोबर होणार नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांची गाणी गोऱ्या गायकांकडून चटकन गाऊन घेतली जात आणि गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओवर हीच वाजत. लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ पॅट बूनने गायले आणि मुख्य चार्टवर बूनचे मूळच्या वर गेले. तिथे कव्हरचा हेतूच मूळ माणसाला बाजारातून बाजूला सारण्याचा होता. हा अन्याय होता आणि त्याची आठवण ठेवूनच कव्हरकडे पाहिले पाहिजे. पण जिमी हेंड्रिक्सने डिलनचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घेतले तेव्हा त्याने डिलनला बाजूला सारले नाही. पुढे डिलन स्वतः ते गाणे हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला. जॉनी कॅशने म्हातारपणी ट्रेंट रेझनरचे ‘हर्ट’ गायले, तेव्हा एका तरुणाच्या आत्मनाशाचे गाणे एका वृद्धाच्या पश्चात्तापाचे झाले. कव्हर चांगले की वाईट, हे त्याने मूळ माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले यावर ठरते.

मग ‘विदाउट यू’ने हॅम आणि इव्हान्स यांना काय दिले? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

पाश्चात्त्य कायद्यात गाण्याचे दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेत १९०९च्या कायद्यानुसार, गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले की कोणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. परवानगीसाठी अडून राहावे लागत नाही, ठरलेली रक्कम मात्र रचनेच्या मालकाला द्यावी लागते. १९७२मध्ये ही रक्कम एका तबकडीमागे, एका गाण्याला दोन सेंट होती. म्हणजे निल्सनच्या सिंगलची एक प्रत अमेरिकेत विकली गेली की ‘विदाउट यू’च्या खात्यात दोन सेंट. त्यातला वाटा आधी प्रकाशकाचा, उरलेल्यात हॅम आणि इव्हान्स. त्या सिंगलच्या दुसऱ्या बाजूला निल्सनचे स्वतःचे ‘गॉटा गेट अप’ होते. कायद्याच्या हिशेबात त्या गाण्यालाही तेवढेच दोन सेंट. तबकडी विकली गेली पहिल्या बाजूच्या जोरावर, पण कायदा दोन्ही बाजू सारख्याच मोजतो.

दोन सेंट म्हटले की हसू येईल. पण चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या गाण्याचे दोन-दोन सेंट साठून मोठी रक्कम होते, आणि रेडिओचे पैसे वेगळे. अमेरिकेतल्या नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की पैसे मिळतात ते रचनाकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला काही मिळत नाही. आजही तोच नियम आहे. म्हणजे निल्सनच्या त्या अफाट सप्तकाबद्दल अमेरिकन रेडिओने निल्सनला छदामही दिला नाही. जे द्यायचे ते हॅम आणि इव्हान्स यांच्या रचनेला द्यायचे होते. कायदा त्यांच्या बाजूने होता. कव्हर त्यांच्या बाजूने होते. निल्सन गात होता आणि त्या गाण्याचा प्रत्येक फेरा या दोघांच्या नावावर पैसे जमा करत होता. निदान कागदावर तसे होते.

पैसे त्यांच्या हातात का पडले नाहीत, याचे उत्तर कव्हरमध्ये नाही, करारांत आहे. बॅडफिंगरचा कारभार स्टॅन पॉली या अमेरिकन व्यवस्थापकाच्या हाती गेला होता. बँडची मिळकत त्याने उभारलेल्या कंपनीत जायची आणि तिथून मुलांना पगार मिळायचा. तिकडे बीटल्स फुटल्यानंतर अॅपलचा कारभार कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि तिथले पैसेही अडकले. बँड वॉर्नर कंपनीकडे गेला. १९७४च्या अखेरीस आगाऊ दिलेल्या रकमेचा हिशेब लागत नाही म्हणून वॉर्नरच्या प्रकाशन विभागाने पॉलीविरुद्ध दावा लावला, आणि बँडचा ‘विश यू वेअर हिअर’ हा नवा अल्बम बाजारातून मागे घेतला गेला. पगार थांबले. घर घेतलेले, जोडीदार गरोदर, आणि जगभर गाजलेल्या गाण्याच्या गीतकाराच्या खात्यात पैसे नाहीत, अशी पीट हॅमची अवस्था झाली. २४ एप्रिल १९७५ रोजी त्याने आत्महत्या केली. तीन दिवसांनी तो अठ्ठावीस वर्षांचा होणार होता. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने पॉलीला दोष दिला होता. पुढच्याच महिन्यात त्याची मुलगी जन्मली.

टॉम इव्हान्स त्यानंतर आठ वर्षे जगला. तोवर या एका गाण्याच्या रॉयल्टीत कोणाचा किती वाटा, यावरून जुन्या सोबत्यांमध्ये वाद पेटला होता. १९ नोव्हेंबर १९८३ रोजी, अशाच एका कडाक्याच्या भांडणानंतर, त्यानेही आत्महत्या केली. तो छत्तीस वर्षांचा होता.

या दोन मृत्यूंमुळे ‘विदाउट यू’ला शापित गाणे म्हणायची पद्धत पडली आहे. ध्रुवपदातल्या शब्दांमध्ये भविष्यवाणी शोधली जाते. मला हे बोलणे क्रूर वाटते. हॅम प्रेमभंगाने गेला नाही आणि कुठल्या गाण्याच्या शापानेही गेला नाही. महिन्याचा खर्च भागत नव्हता, ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि या चक्रातून सुटायची वाट दिसत नव्हती. शाप म्हटले की कोणाला जाब विचारायचा प्रश्नच उरत नाही. करार म्हटले की विचारता येतो. कोणी सही घेतली, कोणत्या कलमावर घेतली, पैसे कुठल्या खात्यात गेले, हिशेब कोणी दाखवला नाही. दुःखी गाणे लिहिणाऱ्याचे आयुष्य दुःखीच असायचे, या समजुतीखाली ही सगळी माणसे सुखरूप निसटतात.

हॅमबद्दल आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी मैफल केली. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. उत्तरार्धात हॅरिसनने ‘हिअर कम्स द सन’ गायले तेव्हा त्याच्या शेजारी दुसरी गिटार घेऊन उभा होता तो पीट हॅम. त्याच मंचावर बास वाजवत होता क्लाउस फोरमन, आणि ड्रमवर रिंगो स्टारच्या जोडीला जिम केल्टनर. याच दोघांनी त्या वर्षी निल्सनच्या ‘विदाउट यू’मध्येही वाजवले. गाणे लिहिणारा आणि ते घडवणारे हात इतके जवळ होते. हेवादावा, चोरी, नक्कल असे शब्द या माणसांच्या आपसातल्या नात्याला लागू पडत नाहीत. ती एकाच कामातली माणसे होती. जे बिघडले ते मंचाखाली, कागदपत्रांत.

रचनाकाराच्या हक्कांचा हा प्रश्न आपल्याकडे संपला आहे असे कोणी समजू नये. १९८०च्या दशकात कॅसेटच्या धंद्याने जुनी चित्रपटगीते नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि गल्लोगल्ली स्वस्तात पोचवली. तेव्हाच्या कायद्यात त्याला वाट होती. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कव्हरसाठी स्वतंत्र कलम आले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबायचे, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने, आणि हे कव्हर आहे असे वेष्टनावर स्पष्ट छापायचे. याच दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असे ठरवले. त्यासाठी जावेद अख्तर संसदेत आणि बाहेर झगडले. ही तरतूद फार मोलाची आहे. हॅम आणि इव्हान्स यांना असे संरक्षण असते, आपला वाटा कोणाच्या नावे करताच येणार नाही असे कलम त्यांच्या पाठीशी असते, तर त्यांची गोष्ट वेगळी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

पण त्याच कायद्यातली दुसरी एक अट मला खटकते. मालकाच्या संमतीने आधी झालेले किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेले बदल सोडले, तर कव्हर करणाऱ्याने मूळ कृतीत फेरफार करू नये, असे हे कलम सांगते. अमेरिकेतला कायदा गायकाला आपल्या शैलीप्रमाणे मांडणी बदलू देतो. चालीचा गाभा आणि गाण्याचे मूळ रूप मोडू नये एवढेच बघतो. फरक लहान दिसतो, पण परिणाम लहान नाही. आपल्या कलमाचा शब्दशः अर्थ घेतला तर कानाला मूळसारखे लागणारे कव्हर सुरक्षित आणि विचार करून नव्याने मांडलेले कव्हर धोक्यात. म्हणजे जी नक्कल आपल्याला नको असते, तिलाच कायद्याचे झुकते माप मिळते. मांडणीची मोकळीक द्यावी आणि रचनाकाराचे पैसे व नाव यांबाबत मात्र तसूभरही सूट देऊ नये, अशी दुरुस्ती या कलमात व्हायला हवी.

नावाचा मुद्दा मी पैशाइतकाच महत्त्वाचा मानतो. आकाशवाणीवर आणि विविध भारतीवर गाणे लावण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगण्याची शिस्त आहे. त्या शिस्तीमुळे सामान्य मराठी श्रोत्यालाही गदिमा, पी. सावळाराम, श्रीनिवास खळे ही नावे पाठ झाली. आज मोबाइलवरच्या अॅपवर गाणे लागते तेव्हा गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत दिसते. रचना कोणाची, हे पाहायला आणखी दोन-तीनदा बोट फिरवावे लागते. किती लोक ते फिरवत असतील? ‘विदाउट यू’ मराया कॅरीचे आहे असे मानणारा श्रोता खोटे बोलत नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते. स्वान्सीत, बँड जिथे सराव करायचा त्या जागेजवळ, २७ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे हॅमच्या सहासष्टाव्या वाढदिवशी, त्याच्या नावाची निळी स्मृतिपाटी लागली. तिचे अनावरण त्याच्या मुलीने केले, वडिलांना कधीच न पाहिलेल्या मुलीने. एका गावात तरी ते नाव आता भिंतीवर वाचता येते.

वाचकांना माझी विनंती आहे. हे गाणे पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा आधी बॅडफिंगरचे ऐका, मग निल्सनचे, मग कॅरीचे. तुम्हाला कोणते आवडेल ते आवडो. ज्यांना गाता येते त्यांनी ते स्वतः गावे, आपल्या पट्टीत, आपल्या मांडणीने, कोणाचीही नक्कल न करता. आणि गाण्याआधी एवढे मात्र जरूर सांगावे: शब्द आणि चाल, पीट हॅम आणि टॉम इव्हान्स.